निवृत्तीनंतर छोटी कॅराव्हॅन: नागपूरहून पहिल्या सहली कुठे, आणि निघण्याआधी काय तपासायचं?

निवांत_६३
नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर जुनी १२ सीटची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आहे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३३५० मिलिमीटर. नागपूरजवळच्या वाडीत आतलं काम सुरू आहे. जाणार दोघंच, वय ६३ आणि ६०. एकाचे गुडघे दुखतात, एकाला रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं) लागतं.

ठरलेलं: पलंग, ४० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी एक, छतावर २०० वॉटचं सोलर पॅनल, इंडक्शन, मागे १०० लिटरची पाण्याची टाकी. न ठरलेलं: एसी, गॅस, संडास.

पहिला बेत मे महिन्यात समृद्धी महामार्गाने लोणार, तिथून शिर्डी, नाशिक, आठ दिवस. काय चुकतंय ते सांगा. कौतुक नंतर करा.

तर्रीपोहा
मे महिन्यात पत्र्याच्या गाडीत झोपणार? भाऊ, त्याले कॅराव्हॅन नाही म्हणत, तंदूर म्हणतात.

फ्यूज_आधी
आधी एसीचा निकाल लावू, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं.

एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री सरासरी ६०० वॉट खातो असं धरा. आठ तास म्हणजे ४८०० वॉट-अवर. तुमच्या बॅटरीत १२.८ × १०० = १२८० आहेत, त्यातले ११०० वापरायचे. म्हणजे एका रात्रीला चार ते पाच बॅटऱ्या. त्या २०० वॉटच्या पॅनलने भरायला सहा-सात दिवस. पॅनल छतावर सपाट बसतं, नागपूरच्या स्वच्छ उन्हात दिवसाला ६५० ते ८०० वॉट-अवर देतं. मेमध्ये ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असंही नाही. पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतं आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के घटतं. १५ टक्के तिथेच गेले.

आता एसीशिवायचा दिवस मांडा. फ्रिज ५००, दोन पंखे २५ वॉटचे दहा तास म्हणजे ५००, दिवे ६०, मोबाइल ४०, पाण्याचा पंप १०. झाले १११०. सीपॅप ह्युमिडिफायर बंद ठेवून रात्रभरात साधारण २४०. एकूण १३५०. बॅटरी एकच असेल तर ढगाळ दिवशी पहाटेच आटोपते. दोन घ्या. पॅनलला एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा), आणि इंजिनवरून भरायला ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर. तासभर गाडी चालली की ४०० वॉट-अवर येतात, दीड-दोन तासांत रोजची तूट भरून निघते. साध्या रिलेवर (दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणाऱ्या स्विचवर) भरवसा नको. आजच्या बऱ्याच गाड्यांचं अल्टरनेटर गाडीची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतं, मग आतल्या पंखे-फ्रिजची बॅटरी अर्धीच राहते.

निवांत_६३
इंडक्शन १२०० वॉटचं आहे. इन्व्हर्टर १५०० चा घेतला तर चालेल न?

फ्यूज_आधी
इन्व्हर्टर चालेल, बॅटरी नाही चालणार. १२०० वॉट भागिले १२, वर इन्व्हर्टरची घट, म्हणजे जवळजवळ ११५ अँपिअर. १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीचं बीएमएस (आतलं संरक्षण सर्किट) बहुधा १०० अँपिअरवरच तोडतं. कुकरची शिट्टी यायच्या बेतात दिवे-पंखे सगळं एकदम बंद. लोक इन्व्हर्टर बदलून आणतात, दोष त्याचा नसतोच.

उपाय दोन. इंडक्शन ८०० वर चालवा (७५-८० अँपिअर), नाहीतर दोन बॅटऱ्या समांतर जोडा. जोडताना प्लस पहिल्या बॅटरीवरून आणि मायनस दुसऱ्यावरून काढा, म्हणजे दोघींवर ओझं सारखं पडतं. बॅटरी ते इन्व्हर्टर केबल ३५ स्क्वेअर एमएम, लांबी मीटरच्या आत. १५० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. फ्यूज केबल वाचवायला असतो, इन्व्हर्टर नाही. तो इन्व्हर्टरजवळ बसवला तर मधली केबल घासून बॉडीला टेकल्यावर वितळायला मोकळीच राहिली.

बंद गाडी मेच्या उन्हात उभी असली की आत ६० अंश सहज होतात. तेव्हा बीएमएस चार्जिंगच थांबवतं. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे सावलीत, हवा लागेल अशी.

इतवारीचा_भाव
घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी का नको? लिथियमपेक्षा खूप स्वस्त पडते.

फ्यूज_आधी
१८०० वॉट-अवर लिहिलेले, आयुष्य टिकवायचं तर वापरायचे ९००. वजन ५० किलोच्या वर. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि ती तुम्ही झोपता त्या खोलीत ठेवणार. वळणावर ॲसिड सांडतं ते वेगळंच. स्वस्त नाही पडत.

खामल्याची_ताई
एसीवर मी पूर्ण सहमत नाही. साठीनंतर उष्णता हा चैनीचा प्रश्न राहत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून शरीरातलं पाणी काढतात, त्यात ४४ अंश. एसी बसवा, पण बॅटरीवर चालवायचा हट्ट सोडा. मुक्कामी सॉकेट असेल तरच लावा.

सॉकेटच्या अटी मात्र पाळा. १६ अँपिअरचंच हवं. वायर २.५ स्क्वेअर एमएमची तीन तारांची, आणि पूर्ण उलगडलेली. गुंडाळी तशीच ठेवून एसी लावला की आतली वेटोळी तापून एकमेकांना चिकटतात. ढाब्यावर, साध्या लॉजवर अर्थिंग असेलच असं नाही. टेस्टर प्लग जवळ ठेवा, लाल-हिरवे दिवे बघूनच जोडा. गाडीच्या आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. पूर्ण बॉडी पत्र्याची, खाली ओली जमीन. करंट उतरला तर पायरीवर पाय ठेवणारालाच बसतो.

तर्रीपोहा
कूलर लावा न मग. नागपुरी माणूस कूलरवाचून झोपतो का कधी?

खामल्याची_ताई
थट्टा नको, एप्रिलमध्ये छोटा कूलर खरंच चालतो. पण समोरासमोर दोन खिडक्या उघड्या हव्यात. बंद गाडीत तासाभरात दमटपणा भरतो, गादी ओलसर, प्लाय फुगतो. जुलैत हवेतच पाणी असतं, तेव्हा कूलर म्हणजे नुसता आवाज.

पुणेकर_पाहुणा
इंजिन चालू ठेवून गाडीचाच एसी रात्रभर लावला तर?

घाटउतार
नाही. पहिलं, धुराचा कार्बन मोनॉक्साइड. उभ्या गाडीखाली साचतो, फटीतून आत येतो, वास नसतो. दुसरं, बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर तासन्‌तास आयडलवर काजळी साचते आणि ती जाळायला लागणारं तापमान येत नाही. दिवा लागतो, गाडी ताकद सोडते. तिसरं, शेजारच्या गाडीत झोपलेला ट्रकवाला सकाळी काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही.

कागद_पक्के
काम वाडीत सुरू झालंय म्हणता, आरटीओची लेखी परवानगी घेतली का? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरचे तपशील बदलतील असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. १२ सीटच्या दोन झाल्या की आसनक्षमता बदलली, पलंग-ओटा पक्का बसला की बॉडीचा प्रकार बदलला. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बॉडीवाल्याला ते माहीत आहे का, हे पहिलंच विचारा. नसेल माहीत तर बॉडीवाला बदला. गाडी एमएच-३१, ४० का ४९, त्याप्रमाणे कार्यालय शहर, ग्रामीण की पूर्व ते ठरेल.

गाडी आधी टुरिस्टमध्ये होती का तेही बघा. पिवळी पाटी असेल तर खासगीत बदलून घ्या, नाहीतर मध्य प्रदेशात शिरताना परमिट आणि टॅक्सचा विषय निघतो. नागपूरहून ती सीमा दीड तासावर आहे, म्हणजे दुसऱ्याच सहलीला निघेल.

आरसीवर नोंद झाली की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर बदल चढवून घ्या. नोंद नसलेला फेरफार हे क्लेम नाकारायचं तयार कारण आहे.

आणि लायसन्स. ५५ नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं, सोबत फॉर्म १ए वर डॉक्टरचं प्रमाणपत्र. ७५०० किलोपर्यंतची गाडी एलएमव्हीत (हलक्या वाहनांत) येते, वेगळं लायसन्स नको.

खिडक्यांना काळी फिल्म लावू नका, २०१२ पासून सुप्रीम कोर्टाची बंदी आहे. उभी असताना चुंबकाचे पडदे लावा, चालवताना काढा.

निवांत_६३
परवानगीचा अर्ज गेलेला आहे, मंजुरी यायची आहे. तोवर पक्कं काम थांबवतो. सुताराने तळाला १८ एमएम प्लाय सुचवलाय. मजबूत राहील न?

धरमकाटा
घराचं कपाट आणि गाडीचं कपाट यांतला फरक सुताराला समजावून सांगा. ८ × ४ ची १८ एमएमची शीट ३२-३५ किलो, १२ एमएमची २१-२३. सहा शीट लागल्या तर ६५-७० किलोचा फरक, म्हणजे एक माणूस जास्तीचा बसला. पलंगाचा वरचा तक्ता १२, उभे भाग ९, खाली ॲल्युमिनियमची चौकट. स्क्रू नको, जिथे जमेल तिथे नट-बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, धक्क्याने न सुटणारे). स्क्रू ५०० किलोमीटरमध्ये ढिले होतात, लाकडातलं भोकच रुंद होतं.

आरसीवर एकूण वजन लिहिलेलं असतं. पाणी, सिलिंडर, भांडी, तुम्ही दोघं, सगळं भरून गाडी धरमकाट्यावर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन पावती, मग पूर्ण गाडीची. वजाबाकी केली की मागचं कळतं. एकूण वजन बसतंय पण मागच्या अॅक्सलवरचा (मागच्या चाकांवरचा) भार मर्यादा ओलांडतोय, ही नेहमीची चूक. टाकी मागे, बॅटरी मागे, सामान मागे. पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग तरंगतं. तुमची १०० लिटरची टाकी मागे आहे ते वाचलं. तोच संशय आहे.

खामल्याची_ताई
ड्रॉवरना चुंबकाचे कॅच नकोत. वर्धा रोडच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला मसाल्याचा डबा खाली, आणि हळद त्या रबरी चटईच्या रेघांतून निघत नाही. दाबून उघडणारी कुलूपं लावा. स्टीलचे डबे उभे रचू नका, दोन डब्यांमध्ये जुन्या चादरीची पट्टी. ती खडखड शंभर किलोमीटर ऐकली की माणूस गाडी विकायला काढतो.

पलंगाची उंची गादीसकट ४५ ते ५० सेंटिमीटर. खाली सामान मावावं म्हणून सुतार ६५ करतो, मग दुखऱ्या गुडघ्याने रात्री तीनदा चढउतार. दाराला खाली एक दुमडणारी पायरी आणि आतून हाताला दांडा. रात्री पायरीवर छोटा दिवा.

इतवारीचा_भाव
संडासाचं बोला कोणीतरी. सगळे टाळून राहिले.

खामल्याची_ताई
मीच बोलते. कॅसेट (खालची टाकी ओढून काढून रिकामी करायचा संडास) किंवा पोर्टेबल पॉटी, टाकी २० लिटरची. दोघांना तीन दिवस. धुवायला पाणी वापरलं तर दोनच, आपल्याकडे वापरतातच. रिकामी करायची ती सेप्टिक टँक किंवा गटारलाइन असलेल्या संडासातच. नाल्यात नाही, शेताच्या बांधावर नाही. फॉर्मल्डिहाइडचं निळं औषध सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं. एन्झाइमचं घ्या. पेट्रोल पंपावर संडास असतो, पण कॅसेट ओतायची तर आधी विचारा, नंतर दोन बादल्या पाणी टाका. उन्हाळ्यात टाकी अर्धी झाली की रिकामी करा, वासाचं गणित तापमानावर आहे.

सांडपाण्याला खाली २०-३० लिटरचा कॅन. ढाब्याच्या अंगणात भांड्यांचं पाणी सोडलं तर दुसऱ्यांदा कोणी उभं राहू देणार नाही.

पुणेकर_पाहुणा
गॅस की इंडक्शन, हे राहिलं.

खामल्याची_ताई
दोन्ही. पाच किलोचा सिलिंडर, मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण २०० ग्रॅम, म्हणजे २५ तास. सिलिंडर उभाच बांधायचा. आडवा झाला तर द्रवच नळीत येतो. कपाट आतून बंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक. एलपीजी हवेपेक्षा जड, वरच्या जाळीचा उपयोग नाही. सुरक्षा नळी दीड मीटरच्या आत, पाच वर्षांनी बदला. गाडी निघाली की रेग्युलेटर बंद. जोडणीला साबणाचं पाणी, काडी पेटवून बघायचं नाही. गॅस डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, झोपता त्या उंचीला. दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक दाराजवळ, ओट्याखाली नाही. आग ओट्यालाच लागते, तिच्या पलीकडे हात कसा जाईल?

तर्रीपोहा
सावजी रस्सा करता येईल का आत?

खामल्याची_ताई
करता येईल. मग पुढचे तीन महिने पडदे, गादी आणि तुमचं मशीनसुद्धा सावजी. फोडण्या बाहेर, स्टूलवर.

फ्यूज_आधी
अवांतर पण कामाचं: फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवणार असाल तर मागच्या भिंतीला टेकवू नका. तिथे बर्फ धरतो, गोठलेलं इन्सुलिन निकामी. डब्यात घालून दाराच्या बाजूला.

घाटउतार
आता मूळ प्रश्न: कुठे. आठ दिवसांचा बेत फाडून टाका.

पहिली रात्र घरासमोर. घरात पाऊल ठेवायचं नाही, अगदी पाणी प्यायलासुद्धा. काय राहिलं ते सकाळपर्यंत कळतं. गाडी तिरकी असेल तर डोकं खालच्या बाजूला जाऊन सकाळी जड होतं. दोन इंच जाडीच्या फळ्या ठेवा, खालच्या बाजूच्या चाकांखाली घाला, ताटलीत पाणी घेऊन बघा. हँडब्रेक, गिअर आणि चाकाला दगड, तिन्ही.

दुसरी खिंडसी-रामटेक, साधारण ५० किलोमीटर, एक रात्र. काही बिघडलं तर तासाभरात घरी. गडाच्या चढावर गाडी नेऊन पहिला गिअर आणि क्लच तपासून घ्या.

तिसरी पेंच, सिल्लारी किंवा खवासाच्या बाजूला, दोन रात्री. मुक्काम रिसॉर्ट किंवा होमस्टेच्या आवारात, आधी फोन करून, उंचीची कमान आहे का ते विचारून. जंगलाच्या कडेला रस्त्यालगत झोपायचं नाही. वनखात्याचा नियम आहेच, शिवाय खरकट्याच्या वासाला अस्वल येतं. सफारीला तुमची गाडी चालणार नाही, जिप्सीच. ताडोबाला गेलात तर मंगळवारी बंद असतं.

घाट चौथ्या सहलीला. सावनेर, सौंसर, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा, पुढे तामिया. चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलं की आधी वास येतो, मग पेडल मऊ. वास आला की थांबा, पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो. पाण्याची टाकी घाटात पूर्ण भरलेली किंवा रिकामी. अर्धी टाकी वळणावर उशिरा धक्का देते, आत आडवी फळी नसेल तर जास्तच.

पुणेकर_पाहुणा
समृद्धी इतकी वाईट आहे का? सरळ, रुंद, सिग्नल नाही. नवशिक्याला तेच सोपं.

घाटउतार
रस्ता उत्तम आहे. ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला. पण सोपा म्हणूनच डुलकी लागते. त्यात उंच गाडीला आडवा वारा, आणि मेमध्ये तापलेलं सिमेंट. जुन्या टायरची परीक्षा तिथे होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचा टायर घेऊन जाऊ नका. स्टेपनी तर हमखास जुनी निघते. हवा सकाळी, थंड असताना. दुपारी चार-सहा पीएसआय वाढलेली दिसते, ती काढायची नाही. लोक काढतात, रात्री टायर कमी हवेवर येतो, दुसऱ्या दिवशी कडा तापून फुटतो.

लोणार समृद्धीने करा, पण डिसेंबरमध्ये. मेहकरला उतरा, गाडी ८० वर, डाव्या लेनने, दर दोन तासांनी थांबा.

इतवारीचा_भाव
म्हणजे मेमध्ये काहीच नाही?

घाटउतार
मेमध्ये काम पूर्ण करा. छताला आतून इन्सुलेशन, वरून पांढरा रंग. चकाकत्या फॉइलपुढे हवेची फट नसेल तर ती नुसती शोभा. पॅनलची भोकं सिलिकॉनने नाही, पॉलियुरेथेन सीलंटने बुजवा. मृगाआधी बागेच्या नळीने अर्धा तास पाणी मारून आत बघा. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत एवढं झालं तरी खूप.

निवांत_६३
घरासमोरची रात्र झाली. राहिलेल्या वस्तू: सीपॅपची १२ व्होल्टची वायर, नेलकटर, चहाची गाळणी.

धरमकाट्याची पावतीही आणली, सगळं भरून, दोघं बसून. पुढचा अॅक्सल ११८०, मागचा २२६०, एकूण ३४४०. आरसीवर एकूण ३६००, मागचा २३००.

धरमकाटा
एकूण १६० किलो शिल्लक, पण मागे फक्त ४०. चार दिवसांचा किराणा आणि दोन खुर्च्या ठेवल्या की संपलं. टाकी मागच्या अॅक्सलच्या किती मागे आहे?

निवांत_६३
मधोमध मोजलं तर ८० सेंटिमीटर. पलंगाखाली, अॅक्सलच्या एक मीटर पुढे सरकवता येईल.

धरमकाटा
१०० किलो, १.८ मीटर पुढे, व्हीलबेस ३.३५. म्हणजे १०० × १.८ ÷ ३.३५ = ५४ किलो मागून पुढे. सरकवा.

निवांत_६३
सुतार म्हणतो, मग पलंगाखालचा किराण्याचा खण जातो.

तर्रीपोहा
खण ठेवा, टाकी आहे तिथेच ६० ची करा. दोघंच तं आहात, रोज आंघोळीले अख्खी विहीर लागते का बाप्पा?

धरमकाटा
थट्टेत बरोबर बोलला. ४० किलो कमी, टाकी पुढच्या अॅक्सलपासून ३.३५ + ०.८० = ४.१५ मीटरवर: ४० × ४.१५ ÷ ३.३५ = मागे ५० किलो कमी. जवळपास तेवढंच, शिवाय एकूण वजनही ४० ने घटलं.

निवांत_६३
६० ची टाकी सांगितली. खण राहिला, गाळणी त्यातच ठेवली आहे.